फाळक्याची कडी

आमच्या घरात आतून कुठल्याच दाराला कडी नव्हती. बाहेरून होती, कुलूप लावायला. न्हाणीला गोणपाटाचा पडदा होता आणि आत गेलेल्यानं तांब्या वाजवत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळायचं. लहानपणी मुखेडला आजोळी गेले तेव्हा मामीच्या न्हाणीला आतून कडी दिसली. ती लावायची आणि काढायची, पुन्हा लावायची, असा खेळ मी इतका वेळ केला की बाहेर मामी ओरडायला लागली. घरी परतल्यावर जेवताना मी कौतुकानं सांगितलं, मामीकडं आतून कडी हाय. अप्पानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्या कानाखाली वाजवली. मला आठवणारा पहिला मार तोच. मायनं माझं ताट आपल्याकडं ओढून घेतलं.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात जुनं गाव झोपलेल्या माणसांवर बसलं तेव्हा अप्पा शाळकरी पोरगा होता. गणपती बुडवून पोरं रात्री उशिरा घरी आली. त्याची आई चिडलेली होती, तिनं दार उघडलं नाही. ‘आता भाईरच नीज,’ असं आतून म्हणाली. त्यानं दार बडवलं, कडी काढ म्हणून रडला, आणि शेवटी अंगणात बैलगाडीखाली पोतं अंथरून झोपला. पहाटे घर पडलं. आत आई होती आणि धाकटी बहीण होती. हे सगळं मला मायनं सांगितलं. अप्पा स्वतः आयुष्यात यावर एकच वाक्य बोलला, की ढिगारा काढला तेव्हा दार जसंच्या तसं निघालं, कडी लावलेली.

नव्या गावात सरकारनं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर दिलं. मोठा झाल्यावर अप्पानं आतल्या साऱ्या कड्या पहारीनं उपटून फेकल्या आणि घरापुढं पत्र्याचं शेड ठोकलं. आम्ही राहायचो, शिजवायचो, झोपायचो ते शेडमध्ये. स्लॅबच्या खोल्यांत ज्वारीची पोती, बैलांसाठी कडब्याची कुट्टी आणि जीपचे जुने टायर. अप्पा तिथं पाऊल टाकायचा नाही. पोतं लागलं तर उंबऱ्याबाहेर उभा राहून हाक मारायचा आणि मायनं किंवा मी ते ओढत बाहेर आणायचं. आमच्या गल्लीत असं वागणारी आणखी माणसं होती, त्यामुळे मला यात काही वेगळं वाटलं नाही.

हे वाचून माझी एक मैत्रीण म्हणाली, तुझं वय काय आणि तू आत्मकथन काय लिहितेस. बरोबर आहे. पण म्हातारी झाल्यावर मी यातलं निम्मं गोड करून सांगेन, अशी मला भीती वाटते. माणसं तसंच करतात. अप्पाच्या मारकुटेपणाचं आजच गावात ‘कडक माणूस’ असं नाव झालं आहे. म्हणून राग ताजा आहे तोवर लिहून ठेवते.

अप्पाची जीप होती, किल्लारी ते लातूर. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मारायचा तेव्हाही, पण त्याला सवड कमी होती. लॉकडाऊन लागला आणि त्याला सवडच सवड झाली. पहिले दिवस त्यानं घराच्या दुरुस्तीत काढले. शेडचे पत्रे ठोकले, चुलीचा कट्टा फोडून नवा घातला, खाटेची नवार कसली, शिलाई मशीनचं पायडल खोललं. दिवसभर हातोडा. मायच्या डोक्यात तो हातोडा इतका बसला होता की तो थांबला की ती दचकायची, कारण थांबला म्हणजे कशावरून तरी बिनसलं. पायडल जोडताना एक नट उरला. उरलेला नट हातात घेऊन अप्पा मायकडं बघत राहिला, जणू तो तिनंच जास्तीचा जन्माला घातला होता, आणि मग पायडलच्या दांड्यानं तिच्या पोटऱ्यांवर मारलं.

आणि तरी रोज सकाळची घटकाभर मला आवडायची, हेही लिहिलं पाहिजे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते म्हणून रोज जीप चालू करायची असा अप्पाचा नेम होता. मी बॉनेट उघडायची, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, ऑइलची कांडी पुसून बघायची. मग अप्पा चावी फिरवायचा आणि इंजिन धडधडायला लागलं की डोळे मिटून ऐकायचा. ‘ऐक, तिसरा जरा खोकायला,’ म्हणायचा. तिसरा म्हणजे तिसरा सिलिंडर. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून जीप हातभर पुढं, हातभर मागं घ्यायची. पाने नंबरानं ओळखायला, चाक काढायला, पान्याला झटका कसा द्यायचा ते मला त्यानंच शिकवलं. तेवढ्या वेळात तो मला ‘सवे’ म्हणायचा, एरवी ‘ए’. चहा दोघांत एक कप असायचा, डिझेलच्या वासाचा. मला दोन बाप होते असं म्हणायची सोय नाही, बाप एकच होता आणि त्याचे हात तेच होते.

दुपारी गडी समाजमंदिराच्या मागं पत्ते खेळायचे. कुणीतरी कळवलं आणि पोलिसांची गाडी आली. पळता पळता अप्पा बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात अडकला आणि मागून काठ्या बसल्या. घरी आला तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला होता. मायनं हळद-तेल कोमट करून लावायला घेतलं. तिचा हात लागला तसा तो कळवळला आणि वळून तिच्या तोंडावर मारलं. तेलाची वाटी चुलीत पडून जाळ उठला. ‘तूबी मारायलीस व्हय गं मला?’ असं तो ओरडत होता. माय ओठाचं रक्त पदरानं टिपत जाळावर राख टाकत होती.

या आधी मार सुरू झाला की माय शेजारच्या कौसाकाकूंच्या घरात पळायची. ही आमच्या गल्लीची रीतच होती. मार खाणारी बाई शेजारी जाऊन बसायची, शेजारीण दारात निवडायला सूप घेऊन बसायची, आणि गडी कितीही पेटलेला असला तरी दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. घटकाभरानं तो निवायचा. लॉकडाऊननं ही एक जागा बंद केली. कौसाकाकूंचे सासरे दम्याचे होते. माय धावत गेली तेव्हा काकूंनी दार ओढून घेतलं आणि आतून रडत म्हणाल्या, “गयाबाई, नको माय आत येऊस, म्हाताऱ्याला काही झालं तर माझ्यावर येईल गं.” माय त्या बंद दाराला पाठ लावून उभी राहिली. अप्पा सावकाश चालत आला. गल्लीतली सगळी दारं बंद होती आणि सगळ्या दारांमागं माणसं होती. त्यानं तिला केसाला धरून आमच्या अंगणापर्यंत आणलं.

मग पाना हरवला. दहा-अकराचा, अप्पाच्या रोजच्या हातातला. त्यानं शेड पालथं घातलं, डबे उलटे केले, पीठ सांडलं. माय म्हणाली, “तुमीच कुठंतरी ठिवला असंल, आठवा की.” एवढंच. गाडीचा जुना फॅनबेल्ट खुंटीला होता. त्यानं माय खाली बसेपर्यंत मारलं आणि बसल्यावरही मारलं. मी मध्ये पडले तर मला चुलीकडं ढकललं. डोक्यावर हात घेताना मायच्या डाव्या हाताची करंगळी मोडली, ती वेगळ्याच दिशेला वळलेली दिसली. दवाखान्याची नर्सबाई म्हणाली, लातूरला न्यावं लागेल, पण गाड्या कुठं आहेत. अंगणात आमची चालू स्थितीतली जीप उभी होती. अप्पा म्हणाला, करंगळीसाठी कुणी पोलिसांच्या काठ्या खात नसतं. नर्सबाईनं शेजारच्या बोटाला करंगळी बांधून दिली. पाना दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या खोबणीत सापडला. अप्पानं तो पुसला आणि खिशात घातला.

त्या दिवशी मला अगदी सरळ कळलं की ही बाई या लॉकडाऊनमधून जिवंत बाहेर पडणार नाही. पुढच्या वेळी बेल्टच्या जागी टॉमी हातात येईल, जॅकची ती लोखंडी दांडी, आणि तिला पळून जायला गावात एकही दार नाही. एरवी स्लॅबखाली न येणारा अप्पा पेटल्यावर आत शिरणार नाही, याचा आम्हाला भरवसा नव्हता. मी मायला म्हटलं, “स्लॅबच्या मागच्या खोलीला आतून कडी बसवू.” तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “कडीचं नाव काढू नगंस. त्यो मरंल नाहीतर मारंल.” मी म्हटलं, “त्यो मारतोयच की.” यावर ती नको म्हणाली नाही.

दुकानं बंद होती. गावात कडी मिळण्यासारखी एकच जागा होती, आमची जीप. मागचा फाळका, म्हणजे बसणाऱ्यांमागं वर-खाली होणारी ती लोखंडी फळी, दोन्ही बाजूंना जाड कडीनं अडकवलेली असते. बाकावर चौघं, बाकामागं आणखी कितीतरी, एवढ्यांचा भार ती कडी पेलते. एका दुपारी अप्पा तंबाखूच्या शोधात कारखान्याकडं गेला. मी त्याच्याच पेटीतून पाने घेतले आणि उजव्या बाजूची कडी खोलली. नट गंजलेले होते. डिझेल सोडलं, थांबले, मग त्यानं शिकवला होता तसा एक झटका दिला. फाळका काथ्यानं बांधून ठेवला.

खोलीच्या दाराला अप्पानं उपटलेल्या जुन्या कडीची भोकं तशीच होती. फळीतून बोल्ट आरपार घातला, मागं वायसर देऊन कसला. चौकटीतली भोकं सैल झाली होती, त्यांत बाभळीच्या ढलप्या ठोकल्या आणि कडीबरोबर काढलेला कोयंडा बसवला. माय दारात उभी राहून गल्लीकडं बघत होती. काम झाल्यावर मी कडी लावून दाखवली. जीपचीच कडी ती, तिचा आवाज मोठा होता, खटाक्. माय पुढं आली, बांधलेल्या हातानं तिनं कडी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. मला मामीची न्हाणी आठवली. आम्ही दोघी हसलो, आणि बाहेर पावलं वाजली असं वाटून गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पानं जीप मागं घेतली तसा काथ्या तुटला आणि फाळका एका बाजूनं खाली आदळला. इंजिन बंद झालं. तो मागं गेला. मी बॉनेटपाशी होते.

“फाळक्याची कडी कुठं हाय?”

मी सांगणारच होते. पण त्याला माझं उत्तर नकोच होतं. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. त्यानं मागून तिचा अंबाडा धरला, डोकं मागं ओढलं आणि परात लाथेनं उडवली. “इकलीस व्हय? कुणाला दिलीस? बोल!” तिचा गळा ताणलेला होता, तिला बोलता येत नव्हतं. त्यानं तिचं तोंड तव्याकडं नेलं. तव्यावर भाकरी होती, तिचा कड करपत होता. ती भाकरी मला अजून दिसते.

टॉमी माझ्या पायाशीच होती. मी ती उचलून अप्पाच्या नडगीवर मारली. हाडावर लोखंड लागल्याचा आवाज झाला. तो खाली बसला. याचा मला पश्चात्ताप झाला का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. नाही झाला. मी मायला दंडाला धरून मागच्या खोलीत ओढलं, दार लावलं आणि कडी घातली. खटाक्.

पहिल्यांदा लाथ बसली, मग खांदा, मग टॉमी. दाराच्या फळीतून ढलपा उडून माझ्या गालाला लागला. “सवे, उघड! जीव घेतो तुजा! दोघींला गाडतो!” कडी हलत होती, पण निघत नव्हती. बाकामागच्या एवढ्या माणसांना पेललेली कडी. माय ज्वारीच्या पोत्यांवर बसली होती, केस सुटलेले, गालावर पीठ. आणि एकदम बाहेरचं सगळं थांबलं.

मग दाराच्या अगदी फटीपाशी त्याचा आवाज आला, बारीक.

“गये. वर स्लॅब हाय गं.”

मायनं वर स्लॅबकडं पाहिलं.

“गये, कडी काढ. पडंल. मी न्हाई मारत, कडी काढ.” नखांनी फळी ओरबाडल्यासारखा आवाज यायला लागला. “कडी काढ. आये, कडी काढ की. आये!”

माझ्या मायला तो आये म्हणत नव्हता. ते तिला माझ्या आधी कळलं. ती अर्धी उठली, हात कडीकडं गेला. वीस वर्षांची सवय होती ती, तो रडला की धावायची. मी तिचा हात धरला, मोडलेल्या बोटाचाच हात होता तो, ती किंचाळली. त्या किंचाळण्यानं बाहेरचा माणूस पुरता फिरला असणार. धावत गेलेली पावलं ऐकू आली, साखळीचा खणखणाट आणि जीपचा सेल्फ. रोज सकाळी आम्ही दोघांनी मिळून जपलेलं इंजिन. पहिल्याच झटक्याला चालू झालं.

खिडकीच्या गजांत साखळी अडकवताना त्याचा हात दिसला, फक्त हात. मी ओरडले, “अप्पा, नगं! भिंत यील!” त्याला ऐकू गेलं नाही. जीप ओरडली. साखळी ताठ झाली. गज वाकले, मग चौकट कचकचली, मग खिडकी, गज, चौकट आणि भोवतीचे ब्लॉक असं सगळं एकदम बाहेर गेलं. भिंतीत वरपर्यंत भेग गेली. वरून चुना आणि सिमेंटचे पापुद्रे आमच्या अंगावर पडले. एका ब्लॉकनं माझ्या पायाचा अंगठा चेचला. धूळ इतकी झाली की मला माझी माय दिसेना. इतकी वर्षं अप्पा ज्या पडण्याला भीत होता, ते त्यानं स्वतःच्या हातानं आणलं होतं. पण स्लॅब जागेवर राहिला.

धूळ बसली तेव्हा भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड होतं आणि त्यात अप्पा उभा होता. हातांतून रक्त गळत होतं. “निघा,” म्हणत होता. “निघा भाईर, लौकर निघा.” मागं कौसाकाकू आणि गल्लीतली माणसं तोंडाला रुमाल बांधून आपापल्या अंगणातून बघत होती.

माय उठली. मला वाटलं, निघाली. ती भगदाडापासून दोन हातांवर येऊन उभी राहिली, स्लॅबखालीच.

“पडू द्या,” ती म्हणाली. “मी न्हाई येत भाईर.”

“गये—”

“तुमी आत या. मारायचं हाय न्हवं? या की. हितं येऊन मारा.”

आडवं काही नव्हतं. दार नव्हतं, कडी नव्हती, खिडकी अंगणात पडलेली. एक पाय उचलून टाकला असता तर तो आत आला असता. त्यानं उचललाही. फुटलेल्या ब्लॉकवर ठेवला, वर स्लॅबकडं पाहिलं, आणि पाय मागं घेतला. जिला मारताना त्यानं कधीच हात आखडला नाही ती बायको दोन हातांवर उभी होती आणि त्याला एक पाऊल टाकता येईना. तो खाली बसला. तिथंच ओकला. मायनं पाणी दिलं नाही. तिनं मागं जाऊन दाराची कडी नीट बसली आहे का ते पाहिलं, आणि पोत्यावर बसून केस बांधले. तिच्या चेहऱ्यावर मला तेव्हा जे दिसलं ते मी आनंद म्हणूनच लिहीन.

त्या दिवसापासून माय स्लॅबच्या खोलीत राहायला लागली. कुट्टी आणि टायर शेडमध्ये आले, चूल आत गेली. भिंत अप्पानंच बांधली, नडगीला फडकं गुंडाळून, लंगडत, सगळे ब्लॉक बाहेरून रचत. त्या लॉकडाऊनमधली त्याची शेवटची दुरुस्ती ती. खिडकी पुन्हा बसवली, पण गज घातले नाहीत. त्यानंतर त्यानं हात उचललाच नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. उचलला. बाहेर अंगणात, शेडमध्ये, सापडेल तिथं. पण आता ती आत पळायची आणि तो उंबऱ्याशी थांबायचा. रात्री तो शेडमधून म्हणायचा, “गये, कडी लावू नगंस.” ती लावायची, त्याला ऐकू जाईल अशी.

गाड्या सुटल्यावर मी कॉलेजसाठी लातूरला निघाले ते आमच्याच जीपनं. आज इथं माझ्या भाड्याच्या खोलीला आतून दोन कड्या आहेत, घरमालकीण हसते. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. फाळका एका बाजूनं कडीनं आणि दुसऱ्या बाजूनं नायलॉनच्या दोरीनं अडकवलेला होता, खड्डा आला की दोरी करकरायची. मांडीवर लेकरू घेतलेल्या एका म्हातारीनं पुढं ओरडून विचारलं, “अप्पा, ह्याला कडी बसवा की. लेकरू पडंल कुणाचं तरी.”

अप्पानं आरशात बघितलं, तिच्याकडं नाही, माझ्याकडं.

“कडी घरी लागती,” तो म्हणाला, आणि गिअर टाकला.